कॅमेरा लावला, आता कार्डाचं काय?

डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेमागून रस्त्याचं चित्रण करणारा कॅमेरा, घेताना आपण लेन्स बघतो, स्क्रीन केवढा आहे बघतो, रात्री पुढच्या गाडीचा नंबर वाचता येतो का ते दुकानदाराला विचारतो. मेमरी कार्डाचा विषय निघतो तो पैसे देताना. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या खोक्यात कार्ड येतच नाही, मग काउंटरवर जे हाताला लागेल ते घालून मिळतं. माझ्या गाडीतही असंच एक ३२ जीबीचं साधं कार्ड आलं होतं. ते गेल्यावर नवीन कार्ड निवडण्यापासून बसवण्यापर्यंतचं सगळं मी स्वतः केलं. त्यातलं बरंचसं आमच्या सीमाभागातल्या रस्त्यांमुळेच शिकायला मिळालं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी बेळगावात टिळकवाडीला राहते, शाळा जांबोटीच्या बाजूला. पिरनवाडी सुटली की किणये, मग कुसमळीचा पूल, आणि पुढे जंगल. पावसाळ्यात कणकुंबीकडून ढग खाली उतरले की पुढच्या गाडीचा लाल दिवा अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. चोर्ल्यातून गोव्याला जाणारी वाहतूकही याच रस्त्याने, त्यामुळे शनिवार-रविवारी केए, एमएच आणि जीए अशा तिन्ही पाट्यांच्या गाड्या एकाच अरुंद डांबरावर येतात. माझं माहेर गडहिंग्लज. तिकडे जायचं तर काकती, हत्तरगी करत संकेश्वर गाठायचं आणि तिथून बांद्याच्या रस्त्याला वळायचं. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की या पट्ट्यात रात्री गाडी चालवताना जीव कसा मुठीत धरावा लागतो हे इकडच्या माणसाला सांगायला नको. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, आणि कित्येकांच्या मागे दिवाही नाही आणि रिफ्लेक्टरही नाही. कॅमेरा घेतला तो त्यासाठी.

जुन्या कार्डाची कुरकुर थंडीत सुरू झाली. गाडी चालू केली की कॅमेरा आवाज करायचा, स्क्रीनवर कार्ड तपासा असं यायचं आणि थोड्या वेळाने आपोआप नीट चालायला लागायचा. कार्ड लॅपटॉपला लावून पाहिलं तर फायलींची यादी दिसत होती, पण मधल्या काही उघडत नव्हत्या आणि काहींचा आकार शून्य. फॉरमॅट केल्यावर थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच.

कार्ड झिजलं होतं. मेमरी कार्डात फिरणारा भाग एकही नसतो, तरी ते झिजतं. आतल्या अतिसूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार साठवून माहिती लिहिली जाते. पुसून पुन्हा लिहायचं झालं की तो भार एका पातळ विद्युतरोधक थरातून आत-बाहेर ढकलावा लागतो, आणि दर वेळी तो थर किंचित खराब होतो. असं बऱ्याच वेळा झालं की कप्पा भार धरून ठेवेनासा होतो. मोबाईलमध्ये एकदा उतरवलेला फोटो वर्षानुवर्षं तसाच पडून असतो, म्हणून तिथे ही झीज आपल्याला कळत नाही. डॅशकॅम मात्र गाडी चालू असेपर्यंत लिहीतच राहतो. कार्ड भरलं की सगळ्यात जुनी फाईल पुसतो आणि तिच्या जागी नवी लिहितो.

मी आकडेमोड करून पाहिली. माझा कॅमेरा फुल एचडीत सेकंदाला साधारण १५ मेगाबिट लिहितो. आठ मेगाबिटांचा एक एमबी, म्हणजे दोन एमबीहून थोडं कमी, तासाला पावणेसात जीबी. ३२ जीबीचं कार्ड पावणेपाच तासांत भरतं. रोज जाऊन-येऊन दोन तास गाडी चालत असेल तर अडीच दिवसांत अख्खं कार्ड एकदा पुसून लिहून होतं. तेच कार्ड १२८ जीबीचं असेल तर ही फेरी पुरी व्हायला जवळपास १९ तास लागतात, म्हणजे साडेनऊ दिवस. झीज चौपट हळू होते. मोठं कार्ड घ्यायचं ते जास्त व्हिडिओ मावतात म्हणून, असं सगळे सांगतात. मला त्याहून मोठं कारण हे वाटतं. फक्त आपला कॅमेरा किती जीबीपर्यंतचं कार्ड घेतो ते आधी माहितीपत्रकात पाहावं. माझ्याची मर्यादा १२८ होती, मी तेवढंच घ्यायचं ठरवलं.

कार्डावरची बारीक अक्षरं वाचायला शिकणं हा त्यातला दुसरा भाग. खोक्यावर ठळक छापलेला १०० किंवा १५० एमबीचा आकडा बहुधा वाचनाच्या वेगाचा असतो. आपल्याला हवा लिहिण्याचा. इंग्रजी सी या अक्षरात १० (म्हणजे क्लास १०) किंवा यू या अक्षरात १ असेल तर लिहिण्याचा वेग सेकंदाला १० एमबीच्या खाली जाणार नाही अशी हमी असते. यूमध्ये ३ किंवा नुसतं व्ही ३० असेल तर हमी ३० एमबीची. फुल एचडीला दोन एमबीसुद्धा लागत नाहीत हे लक्षात घेतलं तर क्लास १० पुरतं. फोरके असेल किंवा पुढेमागे दोन कॅमेरे असतील तर यू ३ घ्यावं. पण वेगाचे हे शिक्के झिजेबद्दल काहीच सांगत नाहीत. त्यासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ किंवा नुसतं ‘एन्ड्युरन्स’ हा शब्द शोधायचा. सॅनडिस्क आणि सॅमसंग दोघांचीही अशी कार्डं मिळतात. ती सीसीटीव्ही आणि डॅशकॅमसाठीच बनवलेली असतात, आणि ती किती तासांचं रेकॉर्डिंग सोसतील ते कंपनी जाहीर करते. बऱ्याच साध्या कार्डांच्या वॉरंटीत मात्र सतत रेकॉर्डिंगचा वापर स्पष्ट वगळलेला असतो.

गणपत गल्लीतल्या एका छोट्या दुकानात गेले. दुकानदार कन्नड बोलणारा, पण गिऱ्हाईक बघून लगेच मराठीवर येणारा.

“अक्का, मोबाईलला पायजे की कॅमेऱ्याला?”

“गाडीच्या कॅमेऱ्याला,” म्हटल्यावर हातातलं कार्ड त्याने परत काचेखाली ठेवलं. “मग हे नको ओ. लोक हेच मागून नेतेत आणि सहा महिन्यात येऊन भांडतेत. थोडं पैसे जास्त पडतील, पण ते पांढरं घ्या बघा.”

त्याच काचेखाली एक चकचकीत २५६ जीबीचं कार्डही होतं, माझ्या कार्डाच्या निम्म्या किमतीत. मी विचारलं तर तो म्हणाला, “ते कंपनीचं न्हवं. मागणारे हायत म्हणून ठेवलंय, तुमाला देत न्हाई.” एवढं खरं बोलणारा दुकानदार मिळाला याचं मला फार बरं वाटलं. बिलावर कार्डाचं पूर्ण नाव आणि क्षमता लिहून घेतली, कारण वॉरंटी मागायची वेळ आली तर तोच कागद लागतो.

तरीही घरी आल्यावर ते सरळ कॅमेऱ्यात घातलं नाही. बाजारात बनावट कार्डांचा सुळसुळाट आहे, आणि ती दिसायला हुबेहूब असतात. आतल्या नियंत्रक चिपला खोटं बोलायला लावलेलं असतं. प्रत्यक्षात जागा ८ किंवा १६ जीबीची, पण लॅपटॉपला ती १२८ सांगते. पाच लिटरच्या डब्यावर वीस लिटरची चिठ्ठी चिकटवावी तसं. डबा ओसंडला की पुढचं सगळं सांडून जातं, पण यादीत फायलींची नावं मात्र व्यवस्थित दिसत राहतात. डॅशकॅममध्ये हे जास्त घातक, कारण आपण फायली रोज उघडून पाहत नाही. ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी कळतं.

यावर फुकट आणि खात्रीचा उपाय आहे. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्रॅम चालतो, लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी एफ-थ्री आहे. तो कार्ड ठरावीक मजकुराने काठोकाठ भरतो आणि मग प्रत्येक अक्षर परत वाचून ताडून पाहतो. रिकाम्या कार्डावरच चालवायचा, आणि मध्ये लॅपटॉप झोपी जाऊ द्यायचा नाही. १२८ जीबीला वेळ बराच लागतो, साध्या कार्ड रीडरवर दोन तास धरून चाला. मी संध्याकाळी लावून स्वयंपाकाला लागले. जेवणं झाल्यावर पाहिलं तर चाचणी एकही चूक न सापडता पुरी झाली होती, आणि लिहिण्याचा सरासरी वेगही दिला होता. कार्ड मोठ्या अ‍ॅडॅप्टरमध्ये घालून लॅपटॉपला लावणार असाल तर अ‍ॅडॅप्टरच्या कडेचं बारीक कुलूप वर सरकवलेलं आहे ना ते बघा. ते खाली असेल तर कार्डावर काहीच लिहिलं जात नाही आणि चांगलं कार्डही खराब वाटतं.

आता बसवणं. काम हाताचं आहे आणि छोटं आहे, पण जागा अडचणीची. कॅमेरा आरशामागे काचेला चिकटवलेला, त्याच्या खाली डॅशबोर्ड, आणि डॅशबोर्डच्या अगदी पुढच्या टोकाला काचेवर हवा सोडणारी जाळी. मायक्रो एसडी कार्ड १५ मिलिमीटर लांब, ११ रुंद आणि १ मिलिमीटर जाड. जाळीच्या फटीतून ते सहज आत जाईल, आणि एकदा गेलं की डॅशबोर्ड खोलल्याशिवाय मिळायचं नाही. म्हणून मी आधी जाळीवर दुपट्टा पसरला आणि त्याची कड काचेखाली खोचली. ज्यांना जमेल त्यांनी कॅमेराच काचेवरून उतरवून घ्यावा आणि मांडीवर ताट घेऊन काम करावं. माझा कॅमेरा थ्रीएम टेपवर चिकटवलेला आहे, म्हणून जागेवरच केलं.

गाडी बंद केली आणि सॉकेटमधली कॅमेऱ्याची पिनही काढली. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही सॉकेटला वीज येत राहते, त्यामुळे पिन काढणं महत्त्वाचं. वीज गेल्यावर कॅमेरा लगेच मरत नाही. आतल्या छोट्या बॅटरीवर किंवा कपॅसिटरवर तो काही सेकंद जगतो आणि तेवढ्यात शेवटची फाईल मिटवून ठेवतो. स्क्रीन पूर्ण काळा होऊन बाजूचा दिवा विझेपर्यंत थांबायचं. लिहिणं चालू असताना कार्ड ओढलं तर ती एक फाईल तर जातेच, कधीकधी सगळ्या फायलींची नोंदवहीच बिघडते आणि कार्ड रिकामं दिसायला लागतं.

जुनं कार्ड बाहेर ओढायचं नसतं, आत दाबायचं असतं. नखाने हलकेच दाबलं की खट् होतं आणि स्प्रिंग ते थोडं बाहेर ढकलते. इथे बोट लगेच सोडू नका, कारण काही स्प्रिंगा कडक असतात आणि कार्ड उडतं. नवं कार्ड घालताना बाजू बघायची. खाचेशेजारी बहुधा कोरलेलं बारीक चित्र असतं. माझ्या कॅमेऱ्यात सोनेरी पट्ट्यांची बाजू स्क्रीनकडे येते, दुसऱ्या कॅमेऱ्यात लेन्सकडे येऊ शकते. मोबाईलच्या टॉर्चने नीट पाहून घेतलं. योग्य बाजूने धरलं तर कार्ड जवळपास पूर्ण आत विनाजोर जातं, फक्त शेवटचा मिलिमीटर दाबावा लागतो. अर्ध्यावर अडलं तर बाजू उलटी आहे असं समजायचं आणि जोर लावायचा नाही. आतल्या पितळी तारा केसासारख्या बारीक असतात, त्या वाकल्या की कॅमेराच दुरुस्तीला जातो. शेवटचा दाब द्यायला माझं बोट पुरेना, तेव्हा एटीएम कार्डाची कड वापरली. लोखंडी वस्तू तिथे नेऊ नये. आणखी एक, काही कॅमेऱ्यांत खाच आणि बाहेरचं कवच यांच्यामध्ये फट असते, त्या फटीत कार्ड गेलं तर ते कवचाच्या आत पडतं. खाचेत गेलेलं कार्ड दाबल्यावर खट् होतं, तोच भरवसा.

पिन लावली, गाडी चालू केली. कॅमेऱ्याने कार्ड ओळखलं आणि फॉरमॅट करायला सांगितलं. हे काम कॅमेऱ्यातच करावं, लॅपटॉपवर नको. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट-३२ या मांडणीत येतात, त्यावरची एक्सफॅट मांडणीत. काही कॅमेऱ्यांना फक्त फॅट-३२ समजते. कॅमेरा स्वतः फॉरमॅट करतो तेव्हा त्याला हवी ती मांडणी आणि हवे ते फोल्डर तो करून घेतो.

मग तारीख आणि वेळ. याकडे कितीतरी लोक बघत नाहीत आणि वर्षभर त्यांच्या व्हिडिओवर चुकीची तारीख उमटत राहते. दिवस आधी की महिना आधी तेही तपासा. एका फाईलची लांबी मी तीन मिनिटं ठेवली आहे. अशी फाईल साडेतीनशे एमबीच्या आत राहते आणि कुणाला द्यायची तर सोपी जाते. माईक बंद ठेवलाय. गाडीत शाळेतल्या सहकारी बायका असतात, घरची माणसं असतात, त्यांचं बोलणं साठवून ठेवायचा मला अधिकार नाही असं माझं मत आहे.

आणि धक्क्याचा सेन्सर. जांबोटी रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याने हा परिच्छेद दोनदा वाचावा. गाडीला धक्का बसला की कॅमेऱ्याला तो अपघात वाटतो आणि ती फाईल तो कुलूपबंद करून वेगळ्या फोल्डरात टाकतो. कुलूपबंद फाईल नेहमीच्या फेरीत पुसली जात नाही. सोय उत्तम आहे, पण सेन्सर मध्यम किंवा तीव्र ठेवला तर किणयेच्या पुढे प्रत्येक मोठा खड्डा हा त्याच्या लेखी अपघात. काही कॅमेरे जुन्या कुलूपबंद फायली आपल्या आपण काढतात, काही काढत नाहीत. न काढणाऱ्यांत त्या साचत जातात, चालू रेकॉर्डिंगला जागा कमी पडत जाते आणि शेवटी कार्ड भरलं म्हणून कॅमेरा थांबतो. सुरुवातीच्या आठवड्यातच मी ते फोल्डर उघडून पाहिलं, तर त्यात नुसते खड्डेच खड्डे. सेन्सर सर्वांत कमीवर आणला. खरी धडक बसली तर तो कमीवरही जागा होतो, आणि बाकी वेळी हाताने दाबायचं कुलुपाचं बटण आहेच.

ते बटण दाबायची वेळ हंगामात आली. संकेश्वरच्या अलीकडे, तिन्हीसांजेला. शेताच्या वाटेवरून एक ट्रॅक्टर न थांबता मोठ्या रस्त्यावर चढला, माझ्या पुढच्या मोटरसायकलवाल्या पोराने ब्रेक दाबला आणि तो घसरत दूरवर गेला. ट्रॅक्टर निघून गेला. मी बटण दाबलं, गाडी कडेला घेतली, १०८ला फोन केला. पोरगा गडहिंग्लज तालुक्यातला, घटना कर्नाटकात. हाताचं हाड मोडलं, बाकी वाचला. त्याचे वडील दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. “बाई, पोराचीच चूक म्हणून सांगायलेत सगळे. तुमच्या गाडीत काय दिसलंय का ओ?”

दिसलं होतं. ट्रॅक्टर कुठून आला, थांबला की नाही, सगळं. ट्रॉलीचा नंबर मात्र चिखलाने झाकलेला होता. ट्रॅक्टरचा पुढचा नंबर एका क्षणापुरता सापडला, तेवढ्याने ठाण्यात काम झालं. माझा जबाब कन्नडमध्ये लिहिला गेला आणि मला मराठीत वाचून दाखवल्यावरच मी सही केली.

शेजारच्या वकील काकांनी तेव्हा मला ज्या गोष्टी सांगितल्या त्या प्रत्येक डॅशकॅमवाल्याला माहीत हव्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम २०२३ लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं पूर्वीचं ६५ बी कलम आता ६३व्या कलमात आलंय. व्हिडिओची नक्कल कोर्टात द्यायची तर तिच्याबरोबर प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग ते देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाईलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाईलवरून गणिताने काढलेली अक्षर-आकड्यांची लांब ओळ. फाईलमधला एक बिट जरी बदलला तरी ती ओळ बदलते. व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो, त्यामुळे त्याचा हॅश मूळ फाईलशी जुळत नाही. म्हणून मूळ कार्ड जपायचं. त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमाप्रमाणे हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात एफआयआर देता येतो, हेही त्यांनी सांगितलं. गाव एका राज्यात आणि शेत दुसऱ्यात असलेल्या आमच्यासारख्यांना याचं मोल किती ते वेगळं सांगत नाही. अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या १३४ अ कलमाचं संरक्षण आहे, तेव्हा साक्षीच्या भीतीने कुणी पुढे निघून जाऊ नये.

कार्ड मी पाकिटात घालून ठेवलं आणि त्यामुळे कॅमेरा रिकामा राहिला. म्हणून लगेच त्याच जातीची आणखी दोन कार्डं आणली. तीही आधी लॅपटॉपवर तपासली, कॅमेऱ्यात फॉरमॅट केली, एकदा शाळेपर्यंत चालवून फायली उघडून पाहिल्या. आता एक कार्ड कॅमेऱ्यात आणि एक नेहमी डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या डबीत, बाहेर कागदाची चिठ्ठी आणि तिच्यावर बसवल्याची तारीख. महिन्याच्या सुरुवातीला कॅमेऱ्यातलं कार्ड काढून मधल्याच दोन-चार फायली उघडून बघते, नंबरप्लेट वाचता येतेय का, घड्याळ बरोबर आहे का, एक फाईल संपून दुसरी सुरू होताना मध्ये सेकंद गळत नाहीत ना. हे झालं की कॅमेऱ्यातच फॉरमॅट. हंगाम सुरू व्हायच्या आधी दोन्ही कार्डांची अदलाबदल.